शुक्रवार पेठेतले अकरा आड

शुक्रवार पेठ, सोलापूर
रविवार, ता. २२ जानेवारी १९३३

सौ. मथुरेस,

हिंदुरावाचा आशीर्वाद पोचावा. मी धडधाकट आहे. तिकडे माहेरी करकंबात तुझ्या आप्पांचा गुडघा, सासूबाईंचा खोकला आणि म्हशीचं नवं रेडकू, तिघांचीही खुशाली कळव.

तुझा भाऊ कोंडीबा परवा गुळाच्या गाड्यांबरोबर इथं येऊन गेला. "दाजी, आक्कानं तिची पेटी न्यायला सांगितलीया," म्हणाला. मी त्याला चहा पाजला, भाकरी घातली आणि पेटी न देताच परत धाडलं. रागावू नकोस. किल्लीच सापडेना. तो म्हणाला, "मग कुलपासकट न्हेतो की, आक्का तितं उघडंल." पण पेटीचा पत्रा खालून गंजलाय, गाडीत हिसके बसून बूड निघालं असतं. आधी कथलाचा डाग देऊन घेतो, मग पाठवतो. एवढी काय घाई आहे?

यंदा सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला गेलो नाही. एकट्यानं जत्रेत काय करायचं?

आता शाळेचं सांगतो. आमच्या शाळेत रसायनशास्त्राचं एक कपाट आहे हे तुला मी दहादा सांगितलंय. त्याची किल्ली हेडमास्तरांच्या कमरेला. काचेची नळी फुटली तर इन्स्पेक्टरसाहेब काय म्हणतील, ही त्यांची धास्ती. त्यामुळं पोरं चार वर्षं प्राणवायू नुसता पाठ करतात. 'रंग नाही, वास नाही, चव नाही.' एकदा मी चिडून म्हटलं, अरे, मग तुमच्यात आणि त्याच्यात फरक काय? सगळा वर्ग हसला आणि पुन्हा पाठ करायला लागला. पालथ्या घड्यावर पाणी!

दसऱ्यानंतर तू गेलीस, घर खायला उठलं. तेव्हा ठरवलं की कपाट उघडत नसेल तर राहिलं. रसायनशास्त्र काय कपाटातच असतं? प्रत्येक पोरानं आपापल्या घरी, घरात असेल त्याच सामानानं प्रयोग करायचा आणि वहीत लिहून आणायचा. अट एकच: पुस्तकात काय आहे ते लिहायचं नाही, डोळ्यांना काय दिसलं ते लिहायचं. दिसलं नाही तर 'दिसलं नाही' असं लिहायचं, त्यालाही पुरे मार्क. आणि ज्यांच्या घरी कुणी करू देत नाही, त्यांनी रविवारी आपल्याकडे यायचं. तुझ्या स्वयंपाकघराचं मी काय केलंय हे शेजारच्या काशम्माकडून कळण्याआधी माझ्याकडूनच ऐक. पाटा-वरवंटा सोडून सगळ्याला चुना लागलाय.

पहिल्याच आठवड्यात गोपाळनं घर डोक्यावर घेतलं. हळदीचं पाणी त्यानं बापाच्या धोतरावर सांडलं आणि आईनं बघायच्या आत साबण चोळला. डाग लालभडक! बापाला वाटलं पोरानं पाय कापून घेतला. नंतर पोरानं ऐटीत लिंबू पिळून डाग परत पिवळा करून दाखवला, तेव्हा कुठं त्याची पाठ वाचली. हळदीच्या डागाला साबण लागला की लाल होतो हे तू मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी दाखवलं होतंस. मी तेव्हा हसलो होतो, आठवतं का?

चन्नप्पाची तऱ्हा निराळीच. चुन्याची निवळी वाटीत घ्यायची आणि पपईच्या पानाच्या पोकळ देठानं तिच्यात फुंकर घालायची. आपल्या श्वासानं निवळी दुधासारखी होते. त्याची आई शिवम्मा दारातून बघते तर लेक देठ तोंडात धरून चुन्याच्या वाटीवर वाकलेला. "अय्यो, पोरगं चुना पितंय!" म्हणत तिनं वाटी अंगणात भिरकावली. दुसऱ्या दिवशी मला बोलावून घेतलं, मी तिच्यासमोर फुंकर घालून दाखवली. मग ती म्हणाली, "मास्तर, मी फुंकते की." तिचीही निवळी पांढरी झाली. कसली खूश झाली म्हणून सांगू! चार बायकांना बोलावून फुंकायला लावलं.

सध्या पोरांच्या डोक्यात एकच आहे: पेठेतले आड. अकरा आडांचं पाणी बाटल्यांत भरून आणलंय, त्यात मीठ किती ते बघायचं. सोलापूरचं पाणी थोडंफार खारट असायचंच. पण जवळजवळच्या आडांत मीठ सारखंच हवं. एखाद्यातच फार निघालं तर समजायचं, मोरीचं नाहीतर संडासाचं पाणी आत झिरपतंय. त्यासाठी चांदीचं पाणी लागतं; ते टाकलं की जितकं मीठ जास्त तितकं पाणी पांढरं होतं. शाळा ते मागवून देईना, म्हणून मी घरीच केलं. कसं केलं ते ऐकायचा तुला कंटाळा येईल.

पेटीचं मी बघतो. थंडी आहे, जपून राहा.

तुझा,
हिंदुराव


शुक्रवार पेठ, सोलापूर
रविवार, ता. १२ फेब्रुवारी १९३३

सौ. मथुरेस,

आशीर्वाद. तुझं कार्ड पावलं. मी तुला लिहायला शिकवलं त्याला पाच वर्षं झाली. इतकं थोडक्यात आणि इतकं नेमकं माझ्या वर्गातला एक पोरगा लिहील तर शपथ. "किल्ली देवळीत हाय, कायम आसती तितंच. पेटीत पद्मीचं सामान हाय हे तुमास्नी ठावं हाय. पेटी का आडवून ठिवली ते लिवा." एवढंच. खुशालीसुद्धा नाही.

किल्ली देवळीतच आहे. पेटीचं बूडही ठीक आहे. कोंडीबाला मी थाप मारली.

आता जे झालं ते लिहितो. हे कार्डावर लिहिण्यासारखं नाही म्हणून पाकीट केलं. आप्पांच्या हाती पडलं तर पडलं.

चांदीचं पाणी करायला चांदी लागते. सोनाराला मोड म्हणून द्यायची तुझी ती फडक्यातली पुरचुंडी, तुटकं जोडवं आणि करगोट्याचे तुकडे, ती पेटीत असते हे मला माहीत होतं. ती काढायला पेटी उघडली. पोरं अंगणात खोळंबली होती, घाईत हात घातला आणि हाती आलं ते घेऊन गेलो. नंतर लक्षात आलं की तो तिचा वाळा होता. दोहोंतला एक. दुसरा जागच्या जागी आहे.

चूक झाली. आता कितीही कानाला खडा लावला तरी व्हायचं ते होऊन गेलं.

काय काय झालं ते तरी तुला कळावं म्हणून सांगतो. सोनाराकडून चांदी विरघळवणारं शोऱ्याचं तेजाब आणलं होतं. अंगणात, वारा बघून, काचेच्या भांड्यात ते ओतलं आणि चांदी सोडली. तांबडा धूर निघाला. पोरांना मी मागं सारलं, तरी माना पुढंच. धूर सरला तेव्हा भांड्यात काही नव्हतं, नुसतं निळसर पाणी. गोपाळ म्हणाला, "सर, चांदी पांढरी आन् पाणी निळं कसं?" त्याला सांगितलं की सोनारानं चांदीत तांबं घातलेलं असतं, त्याचा तो रंग. एकनाथनं किटलीच्या वाफेतून थेंब थेंब धरून वाटीभर शुद्ध पाणी जमवलं होतं, त्याला दोन दुपारी लागल्या. त्यात ते कालवलं आणि बाटलीला काळं फडकं गुंडाळून ठेवलं. उजेड लागला की ते नासतं.

आणि बोटांना लागलं की बोटं काळी पडतात. ताबडतोब नाही, उन्हात गेल्यावर. सोमवारी वर्गात सोळा पोरांची बोटं काळी, माझीही. साबण, राख, चिंच, कशानंही जाईना. हेडमास्तरांनी मला बोलावून विचारलं, "हिंदुराव, हा काय प्रकार? पालक विचारतायत." मी म्हटलं, "रसायनशास्त्र." ते म्हणाले, "ते पुस्तकात आहे ना?" मी मुकाट्यानं बाहेर आलो. उत्तर दिलं असतं तर नोकरी गेली असती, माझं तोंड तुला ठाऊकच आहे.

बाटल्यांचं सांगायचं राहिलं. बाटल्यांवर एकनाथनं नुसते आकडे लिहिले होते. कुठला आड कुणाचा ते एका कागदावर, आणि तो कागद त्याच्या खिशात. म्हणजे बघणाऱ्याचं मन आधीच कुणाच्या आडाविरुद्ध व्हायला नको. ही युक्ती पोरांचीच, मी शिकवलेली नाही. प्रत्येक बाटलीतलं पाणी पेल्यात घेऊन चांदीच्या पाण्याचे मोजून थेंब टाकले. दहा पेल्यांत पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं, कमीअधिक सारखंच. एकात मात्र दही लागल्यासारखं दाट, पांढरं, गोळे गोळे. पोरं ओरडली, "सापडला! सापडला!"

तो आड कुठला, ते पुढं कधीतरी लिहीन.

पेटी कोंडीबा पुढच्या खेपेला आला की देतो.

तुझा,
हिंदुराव


शुक्रवार पेठ, सोलापूर
रविवार, ता. ५ मार्च १९३३

मथुरा,

मागच्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस. बरोबर केलंस. त्यात अर्धं खोटं होतं.

कोंडीबा बाहेर बैलांना वैरण टाकतोय. उद्या पहाटे तो निघेल, त्याच्या गाडीत पेटी आणि हे पत्र. त्याला सांगितलंय, पत्र आक्काच्याच हातात द्यायचं, आप्पांच्या नाही. म्हणजे आज मला सगळं लिहून संपवायचं आहे.

तो आड आपला होता.

एकनाथनं खिशातून कागद काढला, वाचला आणि घडी घालून परत खिशात ठेवायला लागला. मी म्हटलं, "अरे वाच की मोठ्यानं!" चन्नप्पा म्हणाला, "सर, चार नंबर तुमच्याच अंगणातला. पाणी काशम्मानं शेंदून दिलं." पोरं बाटल्यांना बुचं लावायला लागली. गेल्या भादव्यात आपल्या घरी काय झालं हे सगळ्या पेठेला माहीत आहे, त्यांना कसं नसेल? मी तो पेला हातात धरून उभा राहिलो. पांढरं हळूहळू तळाला बसत होतं. त्यात वाळ्याची चांदी होती आणि आपल्या आडाचं पाणी होतं. पोरांना म्हटलं, आज एवढंच, घरी जा. ती गेल्यावर मी तुझ्या चुलीपाशी बसून रडलो. मुलगी गेली तेव्हा रडलो नव्हतो. सगळे म्हणाले, मास्तर घट्ट आहेत.

तरीही मी पेठेत कुणाला सांगितलं नाही. तीन आठवडे! आपलं एकट्याचं पाणी मी नळावरून आणायला लागलो, आणि काशम्मा व वरच्या मजल्यावरची माणसं तेच शेंदून पीत होती, हे बघत राहिलो. एकच परीक्षा, एखादे वेळी चूक असेल, पुन्हा करून बघू, अशा शास्त्रीय सबबी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे सांगायला लागलो तर सगळंच सांगावं लागेल अशी भीती.

शेवटी पोरांनीच मला धरलं. चन्नप्पा दारात येऊन म्हणाला, "सर, दिसलं ते लिहायचं म्हणता. मग लिहिलेलं सांगायचं नाही का?"

मागच्या रविवारी अंगणात सगळ्यांना जमवलं. काशम्मा, वरची मंडळी, शिवम्मा आणि तिच्या चार मैत्रिणी, आणि घरमालक चनमल्लप्पा खुर्चीवर. चांदीचं पाणी त्यांना काय कळणार, म्हणून पटकीच्या साथीत आडात टाकतात ते लाल औषध आणलं. दोन पेले, एकात नळाचं पाणी, एकात आपल्या आडाचं. दोन्हींत एकेक थेंब. दोन्ही गुलाबी. चनमल्लप्पा म्हणाले, "मास्तर, दोनी एकसारखेच की. हा आड माझ्या आज्यानं खणलाय." मी म्हटलं, पान खाऊन होईपर्यंत थांबा. त्यांचं पान संपलं तोवर नळाचं पाणी गुलाबीच होतं आणि आडाचं गढूळ, पिवळट तपकिरी. घाण ते औषध खाऊन टाकते, एवढंच समजावलं.

काशम्मा उठली, दोन्ही पेले उन्हात धरून बघितले आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "मास्तर, हे तुझी बायको सांगत होती की. तू ऐकला नाय."

सगळ्यांदेखत. आणि तिच्या आवाजात रागही नव्हता.

होय, तू सांगत होतीस. आषाढात सांगितलंस, "आडाची चव बदललीया, पानी मचूळ लागतंय, डाळ शिजंना." मी म्हटलं, "चव हा पुरावा नव्हे." मग तू दोन गल्ल्यांपलीकडच्या नळावरून हंडा आणायला लागलीस. आठ दिवस आणलास. नवव्या दिवशी शाळेत एक मास्तर मला म्हणाले, "तुमच्या मंडळी नळावर दिसल्या, मोठं भांडण चाललं होतं तिथं." त्यांनी सहज म्हटलं असेल. मला मात्र मिरची झोंबली. वेळापूरच्या रानातून शिकत शिकत वर आलेला मी, आमच्या घरात पहिली धोतर-टोपी माझी. मास्तराच्या बायकोनं डोक्यावर हंडा घेऊन पेठेतून चालायचं म्हणजे काय? घरी येऊन तुला काय काय बोललो ते इथं पुन्हा लिहीत नाही, तुझ्या लक्षात असेलच. तो हंडा मी माळ्यावर टाकला, तुझा हात पोचणार नाही असा.

त्यानंतर एक महिना आणि चार दिवसांनी पद्मजा गेली. हगवण लागल्यापासून दोन दिवसांत.

पाण्यानंच गेली असं मी सिद्ध करू शकत नाही. हगवणीच्या त्या साथीत नळाचं पाणी पिणारी लेकरंही गेली. हे मी स्वतःला वाचवायला लिहीत नाही. माहीत नाही ते माहीत नाही असंच लिहायचं, एवढी सवय मी पोरांना लावली आहे. पण तू चाखून सांगितलंस आणि मी बघितलं नाही, हे मात्र सिद्ध आहे. परक्याच्या पोरांना सांगतो, पुस्तक मिटा आणि डोळे उघडा. घरात बायकोच्या जिभेवर विश्वास ठेवला नाही, कारण ती शाळेत गेलेली नव्हती.

आता वाळ्याचं. तेही खोटं होतं.

पुरचुंडी वरच होती, तुटक्या जोडव्याची. ती मी बाजूला ठेवली. खाली तिचं झबलं होतं, झबल्यात दोन्ही वाळे. मी ओळखूनच घेतला. त्याच्या तीन घुंगरांपैकी मधला वाजत नाही, ते हलवून बघितलं आणि मग घेतला. अकरा बाटल्यांना गुंजभर चांदी पुरली असती, मथुरा. जोडव्याचा एक तुकडा बास होता. मी अख्खा वाळा तेजाबात टाकला.

का, ते नीट सांगता येत नाही. तू जायच्या आधी रोज दुपारी पेटी उघडून बसायचीस आणि ते घुंगरू वाजायचे. मी बाहेर वह्या तपासत असायचो. तू मला एकदाही म्हणाली नाहीस की तुमच्यामुळं झालं. म्हणाली असतीस तर मी भांडलो तरी असतो. तू नुसती पेटी उघडायचीस. तू गेल्यावरही येता-जाता पेटीला पाय लागला की आत वाजायचं. तो आवाज मला बंद करायचा होता. पोरांच्या प्रयोगाची ढाल पुढं केली, आणि पोरांना वाटलं, सर किती मोठ्या मनाचे, स्वतःची चांदी देतायत. याची मला सगळ्यात जास्त शरम वाटते.

चांदी गेलेली नाही, तेवढं सांगतो. चांदीचं पाणी पुष्कळच उरलं होतं, त्यात मीठ टाकून सगळी चांदी पांढरी खाली बसवली. पेल्यांतलं पांढरंही पोरांनी एकूण एक खरवडून बरणीत ठेवलं होतं, थेंब सांडला नाही. सोळा जणांनी मिळून ते चार वेळा धुतलं, जस्त आणि गंधकाचं तेजाब घालून पुन्हा चांदी केली. तांबं पाण्यात निघून गेलं, आता निव्वळ चांदी आहे. पण दिसायला चांदी वाटणार नाही. राखाडी भुकटी आहे, पुडीत बांधून पेटीत ठेवली आहे. सोनार म्हणाला, "मास्तर, आटवून तसाच वाळा घडवून देतो." मी नको म्हटलं. तसाच कसा होईल? आणि ते ठरवणारा मी कोण?

चनमल्लप्पांनी आडावर फळ्या ठोकल्या. मी सांगून नव्हे; शिवम्मा आणि काशम्मा दोघी त्यांच्या दारात जाऊन बसल्या म्हणून. संडासामागची मोरी फुटलेली निघाली, गवंडी आला आहे. पेठेतली माणसं आता आपापल्या आडाचं पाणी घेऊन येतात, पलीकडच्या पेठांतूनही. चांदीचं पाणी नाही म्हणून मी त्यांना परत पाठवतो.

हंडा मी माळ्यावरून काढला. रोज सकाळी नळावर रांगेत उभा असतो. बाया हसतात. पहिल्या दिवशी पाणी अर्धं अंगावर सांडलं, आता जमतं.

ये, असं मी लिहीत नाही. ते म्हणायला मला तोंड राहिलेलं नाही. तू विचारलं होतंस, पेटी का अडवून ठेवली. ते लिहिलं.

अपराधी,
हिंदुराव


मुक्काम करकंब
शिमग्याच्या आदला दिस

तीर्थरूप मास्तर यांसी मथुराबाईचा नमस्कार.

पेटी पावली. पत्र मी सोता वाचलं. दोन दिस लागले. आप्पांस्नी दावलं न्हाई. आय इचारती काय लिवलंय, मी म्हनलं खुशाली.

मला माफ करता येत न्हाई. खोटं कशाला लिवू. वाळ्याचं येक येळ सोसंल, तुमी मागितला आसता तर मी माज्या हातानं दिला आसता. न मागता न्हेला त्येचं दुक हाय. पन हंड्याचं सोसत न्हाई. ते आठ दिस मी पानी आनत हुते तवा पद्मी हंड्याला धरून माज्या मागं मागं यायची. लई राग हाय माजा. तो जाईल का न्हाई ते मला बी ठावं न्हाई. मी कवा येईन ते इचारू नगा.

आता कामाचं लिवते. मन लावून वाचा.

ती भुकटी तेजाबात परत इरगळती का? इरगळत आसंल तर मानसं माघारी धाडू नगा. मी पुडी परत धाडली हाय. गुंज गुंजच घ्या. काम झालं की खाली बसलेलं परत धरून ठिवा, पयल्यावानी. दुसरा वाळा माज्यापाशी ऱ्हाईल, तो कुनाला द्यायचा न्हाई.

कोंडीबाच्या हाती येक बाटली हाय, फडक्यात गुंडाळल्याली. आमच्या आडाचं पानी हाय. उकळत्या पान्यानं बाटली धुवून भरलीया. मला चव बरी लागंना, आप्पा म्हनत्यात तुला दुकानं तसं वाटतंय. कोंडीबाची लेक आत्ता कुटं वाटीनं पानी प्यायला लागलीया. तवा पेठंतलं बाकी सगळं ऱ्हाऊ द्या, आदी ह्येचं बगा. जे दिसंल ते लिवा, कमी बी नगं आन् जास्त बी नगं. कोंडीबाला थांबवून घ्या आन् उत्तर त्येच्याच हाती द्या. तवर मी वढ्यापलीकडच्या इहिरीचं आनते, मला हितं कुनी आडवत न्हाई.

पद्मीची आय,
मथुरा